चहा कुणाच्या हातचा?

आमच्या मुरगुडात 'चहापान' असतं ते सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत. एरवी तो 'च्या' असतो. वेदगंगेच्या काठावरचं, कागल तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. एस.टी. स्टँडवर उतरलेल्या माणसाला ओळखीचा कुणी भेटला की पहिलं वाक्य 'कवा आलासा?' आणि दुसरं 'चला, च्या घेऊ'. 'आत्ताच झाला' ही सबब इथं चालत नाही, कारण विचारणाऱ्याचाही आत्ताच झालेला असतो. घरी गेलात तर घरची बाई 'बसा की गुरुजी, च्या ठेवतो' म्हणते, आणि तुम्ही 'नको' म्हणेपर्यंत आधण उकळायला लागलेलं असतं. मी आयुष्यभर मास्तरकी केली. त्या हिशेबानं मी किती च्या प्यालो असेन, याचं गणित मांडायला डॉक्टरांनी मनाई केली आहे.

माझी पुतणी काही वर्षांपासून जपानमध्ये नागोयाला नोकरी करते. एकदा फोनवर ती म्हणाली, "काका, इथं चहा घेणार का म्हणून कुणी विचारतच नाहीत. गेलं की पुढ्यात आणून ठेवतात."

"आणि आग्रह?"

"आग्रह नाही. पेला रिकामा झाला की गप भरतात."

विचारलं नाही तर पाहुणा 'नको' तरी कसा म्हणणार, असं मी म्हणालो तेव्हा ती हसली. मला मात्र त्या बोलण्यानं एक नाद लागला. जपानी चहा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं किमोनो नेसलेली बाई, हिरवा फेस आणि तासभर चालणारा विधी येतो. पण मुरगुडातला माणूस रोज सत्यनारायण घालत नाही, तसा जपानी माणूसही रोज तो विधी करत नाही. त्याचा रोजचा चहा कसा असतो? इतर लोकांचा कसा असतो? आणि आपला तरी असा कधीपासून आहे?

उकळलेला आणि भिजवलेला

जपानचा रोजचा चहा म्हणजे 'सेन्चा', 'बान्चा' आणि 'होजिचा'. सेन्चा ही वाफवून, वळून वाळवलेली हिरवी पानं. ती उकळत नाहीत, किंचित निवलेल्या पाण्यात मिनिटभर भिजवतात. दूध नाही, साखर नाही. बान्चा म्हणजे नंतरच्या तोडणीची जाड, स्वस्त पानं. होजिचा म्हणजे तीच भाजून केलेला तांबूस चहा. भाजलेला तांदूळ मिसळलेला 'गेनमाइचा' हा तर एके काळी गरिबाघरचा चहा होता. पानं कमी पडत, म्हणून तांदूळ घालत. पेल्याला कान नसतो. तो दोन्ही हातांत धरायचा, आणि हाताला सोसेल तेवढाच गरम चहा ओतायचा. शेतात काम करणारी माणसं सकाळी दहाला आणि दुपारी तीनला हातातलं काम ठेवून चहाला बसतात, हे ऐकून मला आमच्याकडच्या भांगलणीच्या बायका आणि बांधावर येणारी किटली आठवली.

रोजच्या, अगदी सामान्य गोष्टीला जपानी भाषेत 'साहान्जी' म्हणतात. शब्दशः 'चहा-भाताची गोष्ट'. आपण 'मीठभाकरी' म्हणतो तसंच. चहा त्या लोकांच्या भाषेत किती खोल गेला आहे, हे एवढ्या एका शब्दावरून कळतं. आणि का जाऊ नये? एइसाई नावाच्या भिक्षूनं ११९१ साली चीनमधून चहाचं बी आणलं असं मानतात. आठशे वर्षांची ओळख आहे.

आपली ओळख त्यामानानं कालपरवाची. आसामात मळे उभे राहिले ते १८३०च्या दशकापासून, आणि तो चहा जहाजात बसून विलायतेला जाई. भारतातल्या माणसानं चहा प्यावा यासाठी मळेवाल्यांना मुद्दाम खटपट करावी लागली. १९०३ साली चहावर खास उपकर बसवून त्यातून प्रचाराला पैसा उभा केला गेला. स्टेशनांवर, गिरण्यांत, बाजारांत चहा करून दाखवण्यात आला. पुढं १९३०च्या दशकाच्या आरंभी आसामात पानं चिरडून, फाडून त्यांचे दाणे करणारं 'सीटीसी' यंत्र निघालं. त्या दाण्याचा चहा रंगाला गडद, चवीला कडक आणि कपाला स्वस्त. दूध-साखर पचवायची ताकद त्यात होती. आज देशात वर्षाला सुमारे १३० कोटी किलो चहा होतो आणि त्यातला बहुतेक आपणच पितो.

त्याआधी आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला गूळपाणी देत. तळहातावर गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. कोल्हापूर गुळाचा जिल्हा, त्यामुळं खड्याला तोटा नव्हता. चहा आल्यावरही गरिबाघरी तो गुळाचाच होई, आणि पुष्कळदा बिनदुधाचा. साखरेचा चहा हा पाहुण्यांचा. आता चक्र उलटं फिरलं आहे. आमच्या आजूबाजूला साखर कारखाने झाले, साखर घरोघर आली, आणि रस्त्यावरच्या पाट्या मोठ्या अक्षरांत 'गुळाचा चहा मिळेल' म्हणून सांगू लागल्या. जपानातल्या तांदळाच्या चहाचंही असंच झालं आहे. गरिबाची काटकसर श्रीमंताची आवड होते ती अशी.

बशीचीही गंमत आहे. बशीत ओतून फुरका मारणारा माणूस गावंढळ, असं शहरात गेलेल्या मुलांना वाटतं. पण अठराव्या शतकातले इंग्रज चहा बशीतूनच पीत, आणि रशियातले व्यापारी सामोवारचा चहा बशीत ओतून, साखरेचा खडा दातांत धरून पीत. इराणात आजही खडा दातांत धरूनच चहा पितात. तुर्कस्तानात कंबर असलेला छोटा काचेचा पेला, तिबेटात लोणी-मिठाचा चहा आणि घोटागणिक भरत राहणारा यजमान. भांडं बदलतं, चव बदलते. पाहुण्याला हात रिकामा ठेवू द्यायचा नाही, ही रीत मात्र सगळीकडे सारखी दिसते.

इथवर सगळं गोडच आहे. पण पाहुणा कुणाला म्हणायचं, हा प्रश्न विचारला की कपाची दुसरी बाजू दिसते.

पुण्याचा एक चहा, कोल्हापूरचा दुसरा

गूळपाणी ओंजळीत, वरून देता येत होतं. देणाऱ्याचा हात घेणाऱ्याला लागायची गरज नव्हती. चहाचं तसं नाही. चहा म्हणजे शेवटी शिजवलेलं पाणी, आणि कुणाच्या हातचं पाणी चालतं यावरच तर आपला सगळा समाज उभा होता. शिवाय तो ओठाला लावून प्यायचा, तोही चिनी मातीच्या कपातून. तांब्या-पितळेचं भांडं राखेनं घासलं की शुद्ध होतं, मातीचं होत नाही, असा जुना नियम. पाणी, दूध, चूल, भांडं आणि उष्टं, विटाळाचे सगळे प्रश्न एका कपात येऊन बसले.

पुण्यात १८९०च्या ऑक्टोबरात याचा स्फोट झाला. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली नामवंत मंडळी गेली होती. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटं पुढं आली. कुणी घेतली, कुणी नुसता हात लावला, कुणी तेवढंही केलं नाही. ही मंडळी जमवण्यात गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांचा हात होता. त्यांनीच पुढं हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी ती नावं होती. मिशनऱ्यांच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य झालं. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, आणि अखेर १८९२ साली रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांच्या अग्रणीला एका कपानं वाकवलं. त्या कपात चहा किती होता कोण जाणे, पण समाजाची भीती काठोकाठ होती.

दुसरा चहा आमच्या कोल्हापूरचा. राजर्षी शाहू महाराज मूळचे आमच्या कागलच्या घाटगे घराण्यातले. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. मुरगूडच्या तलावाला ज्यांचं नाव आहे ते सर पिराजीराव हे त्यांचे धाकटे बंधू. महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे अस्पृश्य समाजातले एक नोकर होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले, आणि कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक हॉटेल' उभं राहिलं.

आता अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? महाराज स्वतः आले. फिरायला निघाले की गाडी दुकानासमोर थांबवायची आणि भर रस्त्यात मोठ्यानं चहा मागवायचा, असा त्यांनी परिपाठच ठेवला. स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या मंडळींनाही द्यायचा. सही घ्यायला, गाऱ्हाणं मांडायला आलेल्यांनाही तिथला चहा घ्यावा लागे असं सांगतात. राजानं दिलेला कप नाकारणार कसा? १९१९ साली महाराजांनी विहिरी, शाळा, दवाखाने अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असे हुकूम काढले. हुकूम दप्तरात राहतो. चहा पोटात जातो, आणि तो साऱ्या गावासमोर जातो. महाराजांच्या निधनानंतर त्यांचं स्मारक उभारण्यात पुढाकार घेणाऱ्यांत हेच गंगाराम कांबळे होते.

एका चहानं समाज बदलत नाही, हेही खरं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांना तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. १९७०च्या दशकात बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' म्हणत गावोगाव हिंडावं लागलं. माझ्या लहानपणी एका हॉटेलाच्या मागच्या खिडकीत दोन-तीन कान तुटलेले कप पालथे ठेवलेले असत. ज्यांचे ते कप, ते आपापला कप उचलत, चहा वरून ओतला जाई, पिऊन झाला की स्वतः विसळून पुन्हा पालथा घालत. पैसे मात्र सगळ्यांइतकेच द्यावे लागत. हॉटेलाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण अशी खिडकी एका हॉटेलाला किंवा एका गावाला नव्हती. आम्हा मुलांना वाटे, फुटके कप टाकून का देत नाहीत? त्याचं उत्तर शाळेच्या पुस्तकात नव्हतं.

वाकून आत यायचं दार

आता पुन्हा जपान. तिथल्या चहाच्या विधीला ज्यानं आजचं रूप दिलं तो सेन नो रिक्यू सोळाव्या शतकातला. त्याच्या चहाच्या खोलीला दार होतं जेमतेम दोन फुटांचं. आत जायचं तर गुडघ्यांवर येऊन, वाकून सरकत जायचं. सामुराईची तलवार बाहेरच्या फळीवर. सरदार असो की व्यापारी, दारात प्रत्येकाचं डोकं सारखंच खाली. आणि आत दाट चहाचा एकच वाडगा सगळ्यांत फिरतो. एकानं प्यायचा, काठ पुसायचा, पुढच्याला द्यायचा. खिडकीतले ते वेगळे कप पाहिलेल्या माणसाला हे वाचून काय वाटेल, ते मी वेगळं सांगायला नको.

पण या वाडग्याला भाबडेपणानं नमस्कार करण्यातही अर्थ नाही. त्या खोलीतली समता दाराबाहेर आली नाही. ज्या हिदेयोशीला रिक्यूनं चहा करून दिला, त्यानंच १५९१ साली रिक्यूला पोट चिरून मरण्याचा हुकूम दिला. आणि जपानातही आपल्यासारखेच बहिष्कृत होते. कातड्याची, मेलेल्या जनावरांची कामं करणारी वेगळ्या वस्तीतली माणसं. त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार नव्हता. १८७१ साली सरकारनं त्यांचा हीन दर्जा कागदावर रद्द केला, पण वस्त्या आणि मनं तशीच राहिली. अखेर १९२२च्या मार्चमध्ये क्योटोला त्या समाजातल्या तरुणांनी 'सुइहेइशा', म्हणजे 'समपातळी संघ', स्थापन केला. पाण्याची पातळी जशी सगळीकडे सारखी, तशी माणसांची. त्याच वर्षी मे महिन्यात इकडे शाहू महाराज गेले. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल, पण दुखणं एकच होतं.

चहा टाकणारे हात

कपाला आणखी एक बाजू आहे, ती दिसत नाही कारण ती स्वयंपाकघरात असते. मुरगुडात पाच माणसं गप्पांना बसली की एक जण आत वळून 'च्या टाक गं' म्हणतो. 'गं' आतच असते. मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा चहाचा ट्रे तिच्याच हातात असतो, आणि पाहुणे चहापेक्षा हात बघतात. गंमत अशी की हॉटेलात, टपरीवर किटली धरणारा बहुतेक पुरुष. ज्या चहाचे पैसे मिळतात तो त्याचा, ज्याचे मिळत नाहीत तो तिचा.

जपानात ही गोष्ट कचेरीत गेली. तिथं कार्यालयातल्या पुरुषांना चहा करून देणं हे बाई नोकराचंच काम मानलं जाई. पदवीधर असली तरी. त्या कामाला 'ओचाकुमी' असं नावच होतं. कुणाला कोणता पेला, कुणाला कडक, कुणाला फिका, हे तिनं पाठ करायचं. १९६३ साली क्योटोच्या नगरपालिकेतल्या बायकांनी या चहाविरुद्ध आवाज उठवला. त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्ही कारकून म्हणून आलो आहोत, आमच्या कामाच्या यादीत चहा नाही. मागणी एवढीशी, पण तिनं कचेरी हादरली. कारण पगाराचा प्रश्न आकड्यांत मांडता येतो. 'माझा चहा मी करीन, तुझा तू कर' याला उत्तर देताना समोरच्याला आपण स्वतःला कोण समजतो ते सांगावं लागतं.

तिथं नवराबायकोच्या पेल्यांचा जोड विकत मिळतो. एक मोठा, एक लहान. लहान कुणाचा ते सांगायला नको. उलट मोरोक्कोत पुदिन्याचा चहा उंचावरून ओतून देण्याचा मान परंपरेनं घरच्या कर्त्या पुरुषाचा. म्हणजे चहा करणं हे बाईचंच काम, हा काही निसर्गाचा नियम नव्हे. मी पुतणीला विचारलं, "तुझ्या हापिसात अजून आहे का ते?" ती म्हणाली, "आता यंत्र आहे काका. बटण दाबायचं, आपापला घ्यायचा. फक्त बाहेरचा मोठा माणूस आला की साहेबाची नजर अजून बाईकडंच वळते."

कागदी कप

यंत्रावरून आठवलं. जपानात १९८५ साली डब्यातला तयार हिरवा चहा विकायला आला, आणि नंतर बाटलीतला. आज तिथं रस्त्यातल्या यंत्रात नाणं टाकलं की थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गार चहा पडतो. योगायोग असा की त्याच १९८५ साली तिथं नोकरीत स्त्रियांना समान संधी देणारा कायदा झाला. बाटलीतला चहा कुणीच कुणाला करून देत नाही. भांडण मिटलं, पण त्याबरोबर पेला भरणारा हातही गेला.

आपल्याकडं कागदी कप आला. गेल्या काही वर्षांत मुरगुडाच्या टपरीवर, लग्नात, मयताच्या घरी, सगळीकडे तोच. मला त्याचा राग येत नाही. खिडकीतल्या त्या पालथ्या कपांना जे कायद्यानं, भाषणांनी पुरतं हलवता आलं नाही, ते या कपानं हलवलं, कारण तो कुणाचाच नाही. पिऊन झाला की सगळ्यांचा एकाच डब्यात. पण प्रश्न उरतोच. समता आली म्हणून आपण एक कप वापरू लागलो, की कप फेकून देता येतो म्हणून प्रश्नच फेकून दिला? उष्टं उरत नाही तिथं उष्ट्याची परीक्षाही होत नाही.

परीक्षा अजून घरात आहे. दुकानातला चहा पैसे टाकले की मिळतो, तिथं जात विचारत नाहीत. घरातल्या चहाला बोलवावं लागतं, चपला काढून आत बसावं लागतं, त्यांच्या कपात, त्यांच्या पाण्याचा चहा घ्यावा लागतो. गावात कोण किती पुढारलं हे मोजायला मला एक सोपं माप सापडलं आहे. गेल्या वर्षभरात आपल्या आळीच्या पलीकडच्या, आपल्या जातीच्या, धर्माच्या नसलेल्या किती घरांत बसून आपण चहा घेतला? त्यातली किती माणसं आपल्या घरी येऊन बसली? आणि तो चहा कुणी केला, कप कुणी विसळले? उत्तर पेपरात छापायचं कारण नाही. आपलं आपल्याला कळलं तरी पुष्कळ.

आपल्या बाजूला, गुळाच्या खड्याऐवजी कप पुढं करायला लागून शंभर वर्षं झाली असतील. तेवढ्या काळात एका राजानं भर रस्त्यात गाडी थांबवून दाखवली. आपल्याकडं गाडी नसली तरी चालेल. पलीकडच्या गल्लीत जायला दोन मिनिटं लागतात, आणि तिथंही कुणीतरी 'बसा की, च्या ठेवतो' म्हणायला तयारच असतं.